मोहचाचणीची सायकल

मूल बिघडायला एक क्षण पुरतो. ते सुधारलं आहे हे ठरवायला मात्र समिती लागते. आमच्या नगरपालिकेने ही गरज वेळीच ओळखून 'बाल पुनर्गुन्हा प्रतिबंधक समिती' नेमली. समितीकडे सात सभासद, दोन खोल्या, एक पंखा आणि एक बालगुन्हेगार आहे. पंखा बिघडलेला आहे. (त्याच्यासाठी वेगळी समिती आहे.) मी या समितीचा चिटणीस.

बालगुन्हेगाराला आम्ही घंटी म्हणतो. वय पंधरा, राहते मावशीकडे. तिने नगराध्यक्षांच्या सायकलीची घंटी काढून नेली होती. नगराध्यक्ष सायकल फोटोपुरतीच चालवत असल्यामुळे चोरी कोणाच्या लक्षात आली नाही. आठवड्याने पोरगी स्वतःच घंटी परत द्यायला आली आणि गुन्हा उघडकीला आला. त्याआधी शहरात बालगुन्हेगारी शून्य होती, आता एक झाली. ही वाढ किती टक्के धरायची यावर सांख्यिकी विभागात हमरीतुमरी झाली. चहा आल्यावर शंभर टक्के ठरली.

मग मुख्य समुपदेशकांनी तिचं वर्षभर समुपदेशन केलं. म्हणजे ते बोलायचे आणि ती ऐकायची. (ते अधूनमधून आपल्या जावयाबद्दलही बोलायचे. तेव्हा घंटीच त्यांना धीर द्यायची.)

गेल्या आठवड्यात मावशी कार्यालयात आली. सायकल दुरुस्तीच्या दुकानात पोरीला काम मिळत होतं, फक्त सुधारल्याचा दाखला हवा होता.

"साहेब, दहा दिवसांनी, सोमवारी दाखला घेऊन ये म्हणालेत. नाही नेला तर दुसऱ्या कोणाला ठेवतील," मावशी म्हणाली. "पोरीचा जीव रमतो हो त्या चाकांत. पहिल्यांदाच काहीतरी मनासारखं होतंय तिच्या."

"मावशी, आमचं का मन दगडाचं आहे?" मुख्य समुपदेशक म्हणाले. "पण ती सुधारली हे सिद्ध व्हायचं, तर तिला पुन्हा चोरी करायची संधी मिळायला नको का? संधीच नसेल तर काय, कोणीही प्रामाणिक राहील."

यावर सभासदांनी टेबलं वाजवली. मलाही घंटीची फार माया वाटते, पण माया हा पुरावा नव्हे.

अशी मोहचाचणी सुरू झाली. कार्यालयाच्या व्हरांड्यात नगरपालिकेची नवी कोरी सायकल, बिनकुलपाची, उभी केली. समोरच्या बाकावर घंटीला एकटं बसवलं. कपाटाआडून एकेका सभासदाने पाळीपाळीने निरीक्षण करायचं ठरलं.

सोमवारी संध्याकाळी घंटी बाकावर होती, सायकल जागेवर होती, पंप नव्हता. (पंप माझ्याकडे सुखरूप आहे.) मंगळवारी सीट गेली. बुधवारी पुढचं चाक गेलं. एकाही निरीक्षकाला चोर दिसला नाही, कारण ज्याची पाळी असेल त्याला स्वतःला पाहता येत नाही. गुरुवारी उपसभापतींची पाळी होती. मागच्या चाकाशी ते घामाघूम झालेले पाहून घंटी म्हणाली, "काका, नट उलटा फिरवताय. थांबा, मी धरते." अहवालात याची नोंद 'सहकार्याची वृत्ती वाढीला लागली' अशी झाली.

शुक्रवारी सकाळी सांगाडाही गेला. सायकलीची घंटी तेवढी फरशीवर राहिली. घंटी नेणं हा गुन्हा आहे, हे एव्हाना शहरात सर्वांना माहीत आहे.

आज दुपारी समितीने निर्णय दिला. सायकलच उरली नसल्याने मोहही उरला नाही, सबब चाचणी रद्द. नगरपालिकेकडे दुसरी सायकल नाही. तेव्हा एखाद्या नागरिकाने उद्या, शनिवारी, आपली स्वतःची सायकल बिनकुलपाची आणून घंटीजवळ तासभर ठेवावी. सायकल धड राहिली तर दाखला तिथल्या तिथे मिळेल. कोणी आलं नाही, तर प्रकरण पुढल्या वर्षी पाहू.

घंटी मावशीकडे पाहत राहिली, आणि खरं सांगतो, मला ते बघवलं नाही.

मावशी संध्याकाळपासून घरोघर फिरते आहे. माणसं भली आहेत. सगळ्यांना पोरीची दया आली, सगळ्यांनी आमच्या समितीला यथेच्छ शिव्या घातल्या, कोणी कोणी तर डोळेही पुसले. मग मावशीला दारापर्यंत सोडताना प्रत्येकाने आवाज खाली आणून एकच गोष्ट विचारली, कुलूप लावलं तर चालेल ना?

चालणार नाही. वाचकहो, इथवर तुम्ही आम्हाला हसलात आणि मनोमन घंटीची बाजू घेतलीत, याबद्दल समिती आपली आभारी आहे. मावशी थोड्या वेळात तुमच्याकडेही येईल. सायकलीची किल्ली आत्ताच खिशात टाकलीत, ते आम्ही पाहिलं.