अभाव आढळला नाही

घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीच्या अंगाला चिकटलेल्या एका खोलीत राहणाऱ्या रुक्मिणी बळवंत धुरी यांच्या घरी कसलाही अभाव आढळला नाही, असा निष्कर्ष 'गरजू कुटुंब खातरजमा कक्षा'ने काढला. सबब त्यांचं रेशनकार्ड रद्द का करू नये, याचा खुलासा मागवण्यात आला. बळवंत धुरी एका सोसायटीत लिफ्टमन. पगार असा, की तो आल्याचं कळेपर्यंत गेलेला असे. म्हणजे अभावाची घरात काही कमतरता नव्हती. तो फक्त आढळला नाही.

याला जबाबदार रुक्मिणीचे हात. बळवंतचा सदरा झिजला की त्याची पूर्वीसाठी उशी होई. पूर्वी म्हणजे त्यांची मुलगी. उशी झिजली की मसोतं, मसोतं झिजलं की देवापुढची वात. "संध्याकाळी देवासमोर मीच जळत असतो," असं बळवंत लिफ्टमध्ये लोकांना सांगे. डाळीला गॅसवर एक उकळी मिळे, मग पातेलं गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात बसे आणि आपल्याच उबेनं मुकाट शिजे. गोधडी कधी सोडायची हे शेजारच्या वनमालाच्या कुकरच्या शिट्ट्यांवरून ठरे. टीव्ही नव्हता. पण वनमालाची मालिका भिंतीतून ऐकू येई आणि चेहरे रुक्मिणी मनानं घालत असे, त्यामुळे तिच्याकडच्या सासवा मूळ मालिकेतल्यांपेक्षा देखण्या होत्या. आणि नारळ एकदा तिच्या हाती लागला की त्याचा फक्त आवाज वाया जाई, तोही फोडताना.

पडताळणी अधिकारी सावर्डेकर साहेब भर दुपारी पायऱ्या चढून धापा टाकत आले. आता माणूस दारात आला की त्याच्या हातावर काही ठेवल्याशिवाय त्याला सोडायचं नाही, ही कोकणातून आलेली खोड. रुक्मिणीनं कोकमाचं सरबत दिलं आणि बशीत लाडू ठेवले.

"ताई, तूप घातलंय का यात?" पहिला लाडू संपवून साहेबांनी विचारलं.

"तूप कुठलं, साहेब. शिळ्या चपातीचा आहे. साय साठवते थोडी थोडी."

"वेलचीचा वास येतोय."

"सालं आहेत. वनमाला टाकून देते ती."

साहेबांनी दुसरा लाडू उचलला आणि लिहिलं : 'घरात मिष्टान्न आढळले.' मग वर बघून म्हणाले, "छप्पर गळतं ना?"

"गळायचं. मोडक्या छत्र्यांचं कापड शिवून आतून लावलंय."

"म्हणजे गळत नाही."

"नाही."

पेशंटच्या नातेवाइकांसमोर डॉक्टर हलवतात तशी साहेबांनी मान हलवली, तिसरा लाडू कागदात बांधून घेतला आणि ते शेजारी गेले. वनमालाकडे भिंतभर टीव्ही होता, फ्रीज होता, आणि पाणीच चढत नसल्यामुळे भांडी ठेवायच्या कामी आलेलं कपड्यांचं मशीन होतं. सगळं हप्त्यावर.

"यातलं तुमचं स्वतःचं काय?" साहेबांनी विचारलं.

"अंगावरची साडी. तीपण पुढच्या दिवाळीला माझी होईल."

वनमालाच्या नावापुढे 'अत्यंत गरजू' असा शेरा पडला.

बळवंत रजा काढून कक्षाच्या खिडकीपाशी गेला.

"कर्ज आहे?" खिडकीतल्या माणसानं विचारलं.

"नाही."

"हप्ते?"

"नाही."

"निदान उसनवारी?"

"घरवाली करू देत नाही."

तो माणूस खरोखर हळहळला. "मग आम्ही तरी काय करणार, भाऊ? तुमची परिस्थिती वाईट आहे, पण ती तुम्ही फार चांगली ठेवलीत. फेरतपासणी लावतो. अभाव दिसला पाहिजे. नजरेत भरेल असा."

कार्ड गेलं तर तांदूळ जाणार होता. पाण्याला गोधडीत कितीही गुंडाळलं तरी त्याचा भात होत नाही, हे रुक्मिणीनं प्रामाणिकपणे कबूल केलं. तेवढं एक तिला जमत नव्हतं.

"रुक्मे, तुला गरिबी येतच नाही गं," वनमाला म्हणाली.

"अगं, पण आहोत ना आम्ही गरीब."

"असून काय उपयोग? लागली ना वाट. दिसायला नको?"

अडचण अशी, की दाखवण्यासारखं घरात काही मोडकं नव्हतंच. चाळीत कुणाकडून मागून आणावं, तर चाळीतलंही सगळं मोडकं रुक्मिणीनं वेळोवेळी दुरुस्त करून टाकलेलं. शेवटी नवराबायको असल्फ्याच्या धोंडिराम भंगारवाल्याकडे गेली. धोंडिरामनं काळाची पावलं ओळखली होती. भंगार विकणं सोडून तो आता 'तपासणी सेट' भाड्यानं देत असे : एक गळकी बादली, एक फाटका पडदा, तीन पायांची खुर्ची आणि कान तुटलेले कप.

"खोकणारा म्हातारा पण आहे," तो म्हणाला. "पण या आठवड्यात विक्रोळीला बुक झालाय. जिथंतिथं तपासण्याच चालल्यात ना."

अनामत म्हणून त्यानं रुक्मिणीच्या माहेरचा तांब्याचा हंडा ठेवून घेतला. बळवंतनं खुर्ची डोक्यावर घेतली. वाटेत रुक्मिणीनं खुर्चीकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की बळवंत ती घेऊन चार पावलं पुढे चालू लागला.

फेरतपासणीच्या सकाळी त्यानं घर मांडलं. बादली ठिबकत होती, पडद्याच्या भोकातून अर्धी भटवाडी दिसत होती. असं देखणं दारिद्र्य त्या खोलीनं कधी पाहिलं नव्हतं.

"रुक्मिणी, आज हात आवर गो," बळवंत म्हणाला. "साहेब येऊन जाईपर्यंत कशाक हात लावू नको."

"मी कशाला लावतेय."

पूर्वीनं आपला मोबाईल आईच्या हातात दिला. माणसांचे हात बिनकामाचे ठेवायला हल्ली तोच वापरतात. रुक्मिणीनं तो थोडा वेळ धरला, काचेवरचा डाग पदरानं पुसला आणि परत दिला.

बळवंत साहेबांना आणायला पायथ्याशी जाऊन उभा राहिला. साहेब मीटिंगमध्ये होते. मीटिंग गरिबांच्या वेळेचा अपव्यय टाळण्याबाबत असल्यामुळे लांबली. इकडे बादली ठिबकत होती. टप. टप. रुक्मिणीनं कानावर हात ठेवले. पण कानावर ठेवलेले हातही शेवटी तिचेच.

"आई, नको," पूर्वी म्हणाली.

"एवढं एक थेंबाचं बघते गं. गळू दे ना, पण बेतानं गळू दे."

रस्त्याच्या कामातून उडालेलं डांबर पायरीशी पडलं होतं, ते तिनं बादलीला लावलं. मग पडदा. गरिबाच्या घरी भोक असावं, पण ते नीट असावं, असं म्हणत तिनं भोकाच्या कडा शिवायला घेतल्या, आणि कडा शिवता शिवता भोक संपलं. खुर्चीचे उरलेले तीन पाय काढून तिनं बसायला पाट केला. एका पायाचं लाटणं झालं, दोन जोडून पडद्याला दांडी झाली. कानतुटक्या कपांत पुदिन्याच्या काड्या खोचल्या गेल्या. बळवंत साहेबांना घेऊन दारात आला तेव्हा आपण चुकून वरच्या गल्लीत शिरलो असं त्याला वाटलं. मग त्यानं बायकोचे हात पाहिले आणि तो उंबऱ्यावरच खाली बसला.

साहेबांबरोबर या वेळी जान्हवी मॅडम होत्या, कक्षाच्या प्रमुख. मॅडमनी नुकताच वांद्र्याला 'कमी वस्तूंत जगा' असा वर्ग केला होता आणि त्यासाठी बऱ्याच वस्तू विकत घेतल्या होत्या. त्या पाटावर बसल्या. पुदिन्याचा वास घेतला. रुक्मिणीनं, सवयीनं, लाडू पुढे केला.

"झकास," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन काढून व्हिडिओ सुरू केला. "सावर्डेकर, अशा घराचं कार्ड तुम्ही चालू ठेवायला निघाला होतात?"

"मी नाही मॅडम," लाडू गिळून साहेब म्हणाले. "मी पहिल्यापासून विरोधातच आहे."

"मॅडम, घरात तांदूळ संपत आलाय," बळवंत म्हणाला.

"तेच तर, धुरी. तांदूळ नाही आणि तरी घर असं. हे तुम्ही लोकांना शिकवायला पाहिजे."

आणि धुरींना 'आदर्श काटकसरी कुटुंब' हा पुरस्कार जाहीर झाला. समारंभ झोकात झाला. शाल, श्रीफळ, पितळी स्मृतिचिन्ह, काचेतलं सन्मानपत्र देण्यात आलं आणि त्याच व्यासपीठावर, टाळ्यांच्या गजरात, कार्ड काढून घेण्यात आलं. सावर्डेकर साहेबांचे डोळे पाणावले. चहापानाला लाडू नव्हते.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणी सेट परत करायला गेली. धोंडिरामनं बादलीत पाणी ओतून पाहिलं. थेंब पडेना.

"माल खराब केलात, वहिनी," तो म्हणाला. "खुर्ची तर खुर्चीच राहिली नाही. आता ही कोण भाड्यानं घेणार?" हंडा त्यानं ठेवून घेतला.

घरी येऊन रुक्मिणी कामाला लागली. शालीचा पूर्वीला स्वेटर झाला. स्मृतिचिन्ह लसूण ठेचायला चांगलं निघालं. सन्मानपत्राची काच खिडकीच्या झडपेला लागली. श्रीफळातून आठवडाभराची चटणी, दिव्याला तेल, भांडी घासायला काथ्या आणि करवंटीचा डाव एवढं निघालं. आवाज तेवढा वाया गेला. तांदळाच्या डब्याचा तळ मात्र ती रोज पुसून ठेवत होती.

आणि मॅडमचा तो व्हिडिओ सगळीकडे गेला. तुमच्याकडेही आला होता. पाटावर बसलेल्या मॅडम, मागे पुदिना, पदराला हात पुसणारी रुक्मिणी. तुम्ही तो शेवटपर्यंत पाहिलात, जेवता जेवता. खाली लिहिलंत, 'अशा माणसांकडून शिकण्यासारखं खूप आहे,' पुढे हात जोडल्याचं चित्र टाकलंत आणि चार लोकांना पाठवलात.

पूर्वीनं ते सगळं आईला वाचून दाखवलं. तुमचंही वाचलं, नावासकट. रुक्मिणीनं लक्ष देऊन ऐकलं.

"एवढी माणसं एवढं बोलली," ती म्हणाली. "कशाला तरी लागेल गं."

हाती आलेलं काही तिनं आजवर टाकलेलं नाही. तुमचं कौतुकही तिनं गोधडीत नीट गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं आहे. वनमालाच्या कुकरच्या शिट्ट्या केव्हाच होऊन गेल्या. ती मधूनमधून गोधडीत हात घालून बघते. अजून काही शिजलेलं नाही.