तुकाआप्पांची मान

तुकाआप्पा बोलायला लागले की समोरचा माणूस हटकून बाजूला वळून बघे. आप्पांचं तोंड उजवीकडच्या भिंतीकडं आणि बोलणं त्याच्याशी! शहापुरात आमच्या घराला लागूनच त्यांचा हातमाग. जन्मापासून त्यांची बुबुळं सारखी डावी-उजवीकडं हलत. मान उजवीकडं वळवून डाव्या कोपऱ्यातून पाहिलं, की ती जरा थाऱ्यावर येत.

मुलगी बघायला गेले, तेव्हा त्यांनी मुलीलाच पाहिलं; पण लाजून पदर ओढला तो शेजारी बसलेल्या तिच्या आत्यानं. लग्न जमलं. आत्या मात्र पुढं कित्येक वर्षं त्यांच्यासमोर आली नाही.

नाचऱ्या डोळ्यांना चष्म्याचा उपयोग नाही, असं गावानं ठरवून टाकलेलं. आप्पांचं पालुपद एकच : "नाचत्यात तर नाचू द्यात. धुरकट का दिसतंय त्ये सांगा!" अलीकडं तर कुठं चष्मेवाला आला म्हणून कळलं, की हे हजर. एकानं हनुवटी धरून त्यांची मान सरळ केली आणि एक डोळा झाकला. त्यासरशी दुसऱ्याचा नाच दुप्पट झाला.

"सरळ बघा की!" तो खेकसला.

आप्पा उठलेच. "मान माझी हाय. भिंग तुझं हाय. भिंग वळीव."

असे चार चष्मेवाले झाले. तुटका धागा नुसत्या बोटांनी जोडणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या या माणसाला चष्मा हवा कशाला, मला कळेना.

मग दुसऱ्या महायुद्धात सूत मिळेनासं झालं, माग थांबला. "मास्तर, मिरजेला चला," आप्पा मला म्हणाले. "तिथं डोळ्याचा मोठा डॉक्टर हाय म्हणं."

रेल्वेनं गेलो. डॉक्टरांनी आधी विचारलं, "मान कशी ठेवली की बरं दिसतं तुम्हाला?"

आप्पांनी मान उजवीकडं वळवून दाखवली. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी मान हवी तशी ठेवू दिली. डोळा झाकण्याऐवजी त्यापुढं धूसर भिंग धरलं आणि दुसऱ्या डोळ्यापुढं भिंगं बदलत, फिरवत बराच वेळ बसले. म्हणाले, "डोळ्याचा पुढचा भाग सगळीकडं सारखा गोल नाही, म्हणून रेघा फाकतात. हलणं थांबणार नाही; पण चष्म्यानं धुरकटपणा कमी होईल."

झालाही. तपासणीच्या तक्त्यावरच्या आणखी दोन ओळी दिसल्या.

"झालं ना मनासारखं?" मी विचारलं.

"अजून कुठं? निपाणीला जायाचं हाय."

निपाणीला त्यांच्या लेकीची लेक होती, सात वर्षांची सुमन. तिचेही डोळे असेच. फळा दिसेना म्हणून शाळेतून काढून घरी बसवलेली.

"एवढीशी पोर. तिला कुणाच्या बी हातात कशी द्यायची?" आप्पा म्हणाले. "म्हणून आधी मी बसून बघत हुतो."

महिन्याभरात मिरजेच्या त्याच डॉक्टरांकडून सुमनचाही चष्मा तयार झाला. तो डोळ्यांवर चढवून तिनं मान वळवली आणि आजोबांकडं टक लावून पाहिलं.

"आज्जा, तुझं बी डोळं हलत्यात!"

"व्हय गं."

"आई म्हणायची. मला वाटायचं, उगंच समजूत काढतीया."

आप्पांनी तिला जवळ ओढलं. त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"तू जन्मायच्या आधी लई वर्सं मी एकलाच हुतो गं."