फेट्याची सीडी

धाराशिवकडच्या वाशीच्या श्रीमंत दाजींनी माकणीच्या मेव्हण्याच्या, रामकिसनच्या, घरचं पाणी सोडलं, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. कारण एवढंच, की त्याच्या लग्नात बँडवाल्यापासून भटजीच्या पुतण्यापर्यंत सगळ्यांना फेटे बांधले आणि घरच्या जावयाला तेवढं बोडकं ठेवलं. निदान दाजींचं म्हणणं तसं होतं. तेव्हापासून कधी माकणीला येणं झालंच तर ते अंगणातूनच सांगायचे, "मी जेवून आलोय." दिवाळीला जेवून आले, बारशाला जेवून आले, एकदा तर एकादशीलाही जेवून आले.

हे असंच चाललं असतं. पण रामकिसनच्या निकिताचं लग्न रविवारवर आलं. आत्यानं हळद लावल्याशिवाय मी लावून घेणार नाही, असं निकितानं बजावलं. आत्या, म्हणजे अयोध्याक्का, म्हणाली की मालकांना सोडून मी येणार नाही. आणि मालकांनी अट घातली.

"तुमच्या लग्नाची क्यासेट हाय ना? मग दाखवा. माझ्या डोक्यावर फेटा दिसला तर आख्खं घर घेऊन येतो. न्हाय दिसला तर तुमी तुमच्या घरी सुखी, आमी आमच्या."

रामकिसन म्हणाला, मोबाईलमध्ये घालून आणतो. दाजींनी हात वर केला. त्यांच्या गल्लीत कुणीतरी वारलेल्या आजोबाला मोबाईलमध्ये लेझीम खेळताना दाखवलं होतं आणि तो म्हातारा जिवंत असताना काठीशिवाय उठत नव्हता. तेव्हा मोबाईल नाही. सीडी आणायची, ती दाजींच्या घरात, दाजींच्या प्लेअरवर लावायची. त्या प्लेअरचं वजन चांगलं पायलीभर ज्वारीएवढं होतं आणि दाजींचा त्याच्यावर सख्ख्या भावापेक्षा जास्त विश्वास होता.

रामकिसनची अडचण वेगळीच होती. दाजींना फेटा बांधला होता की नव्हता, हे त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं. नवरदेवाला स्वतःच्या लग्नात मुंडावळ्यांपलीकडचं काय दिसतं? ज्यांनी सगळे मानपान केले ते वडील, आबा, तर केव्हाच गेले होते.

मदतीला धावला तो बायकोचा भाऊ कुमार. कुमार वायरमन होता, त्यामुळं जगातली सगळी यंत्रं आपल्याला कळतात असा त्याचा समज होता. त्या लग्नात नवरीचा भाऊ म्हणून रामकिसनचा कान पिळणारा तोच. कानपिळीच्या मानाचा गुलाबी फेटा त्याला मिळाला होता आणि तासाभरात तो गर्दीत हरवला म्हणून त्यानं आईची बोलणी खाल्ली होती. ती बोलणी अजून संपली नव्हती.

बुधवारी दोघं धाराशिवला विरेशच्या फोटो स्टुडिओत गेले. विरेशनं माळ्यावरून जुनी यंत्रं काढली, क्यासेट संगणकात उतरवून घेतली आणि कोऱ्या सीड्यांचे, खरं तर डीव्हीडींचे, दोन डबे पुढं ठेवले. एका डब्यावर अधिकची खूण, दुसऱ्यावर उण्याची. घरचा प्लेअर कुठली वाचतो, असं त्यानं विचारलं.

"लग्नाची फिल्म हाय," कुमार म्हणाला. "शुभकार्यात उणं कशाला? अधिकचीच द्या."

हे रामकिसनलाही पटलं. ती भरत असताना विरेशनं त्याला पडद्यावर बघून घ्यायला बोलावलं, पण तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. फेटा नसला तर? माहीत असून दाजींपुढं बसायचं त्याच्यानं झालं नसतं. कुमारला तेवढ्यात कुणाचीतरी लाईट गेल्याचा फोन आला, तो बोलत बसला. शेवटी रामकिसननं दारातूनच विचारलं, फेटे दिसले का?

"फेटे लई हायत," विरेश म्हणाला. "खालची माणसं म्या वळखत न्हाय."

संध्याकाळी वाशीला दाजी खुर्ची ओढून बसले. अयोध्याक्का पदर सावरून उंबऱ्यात उभी राहिली. सीडी आत गेली. प्लेअरनं घसा खाकरल्यासारखा आवाज केला, विचार केला आणि पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द लिहिले. दाजींनी नातवाकडून अर्थ विचारून घेतला.

"सीडीच न्हाय म्हणतंय त्ये. फेटा तर लांबच ऱ्हायला."

विरेशनं फोनवर सांगितलं, की त्या काळचे प्लेअर अधिकची सीडी ओळखतच नाहीत, उण्याचीच लागते. कुमारनं एवढंच म्हटलं की आपण अडाणी असू, पण अपशकुनी नाही.

गुरुवारी उण्याची सीडी झाली. विरेशच्या यंत्रावर ती झकास चालली, बँडचा आवाज रस्त्यापर्यंत आला. वाशीला दाजींच्या प्लेअरनं ती घेतली, कर्रर्र करून फिरवली, पुन्हा फिरवली आणि जीभ काढावी तशी बाहेर दिली. अयोध्याक्का आत गेली आणि भांडी जरा जोरात लावू लागली.

"पाव्हणं," दाजी शांतपणे म्हणाले, "मशीनला बी खोटं पचंना."

चूक विरेशची होती. सीडी भरल्यावर तिचं तोंड बंद करावं लागतं, त्याला फायनल करणं म्हणतात. ते केलं नाही तर ती भरलेल्या यंत्राशिवाय कुठंच चालत नाही. गिऱ्हाइकांच्या गडबडीत त्याचं ते राहून गेलं होतं.

शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी हळद. रामकिसनच्या तोंडाला चव उरली नव्हती. विरेशनं सुचवलं की यावेळी पुसून पुन्हा भरता येते तसली सीडी घेऊ, चुकलं तर वाया जाणार नाही. रामकिसन उसळलाच.

"पुसता येणारी नको. दाजी म्हणतील पाटीच आणली. एकदा लिहिलं की देवालाबी पुसता येऊ नये असली द्या."

मग उण्याची सीडी, अगदी सावकाश भरलेली, फायनल केलेली. दोन वेगळ्या प्लेअरवर नुसती सुरुवात लावून बघितली. कुमारनं ती वाशीपर्यंत छातीशी धरून नेली. रस्त्यात खड्डा आला की तो श्वास रोखायचा. आणि त्या रस्त्यानं श्वास सोडायला जागाच नव्हती.

प्लेअरनं सीडी घेतली. फिरवली. खोलीत माणूस हलेना. आणि पडद्यावर माकणीचा मांडव उभा राहिला.

कॅमेरावाल्यानं आधी पाच मिनिटं पंखा दाखवला, मग आचारी, मग पुन्हा पंखा. अक्षता पडल्या. फेटे बांधणं सुरू झालं. एकेक डोकं येत होतं आणि नारंगी होऊन जात होतं. रामकिसन डोकी मोजता मोजता घामानं भिजला. दाजी आले. पांढरा सदरा, दाट मिश्या आणि डोकं बोडकं. कॅमेरा पुन्हा पंख्याकडं गेला. रामकिसननं डोळे मिटले.

"अगं बया," अयोध्याक्का म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. पडद्यावर आबा दाजींच्या डोक्यावरचा फेटा नीट बसवत होते. चांगला गुलाबी, जरीच्या तुऱ्याचा. दाजी त्यात जिल्हा जिंकल्यासारखे हसत होते.

खोलीत दाजी मात्र बराच वेळ हसले नाहीत. सव्वीस वर्षं रोज सांगितलेली गोष्ट डोक्यातून उतरायला वेळ लागतोच. मग ते म्हणाले, "अयोध्या, ताटं कर. पाव्हण्यांना जेवू घाल. उद्या सकाळी निघायचंय माकणीला."

रामकिसनला हुंदका आला. त्यानं कुमारचा हात धरला. कुमार पडद्यावरून नजर हलवेना.

"जरा मागं घ्या," कुमार म्हणाला.

दाजींनी कौतुकानं मागं घेतलं. उलट्या चालीत गुलाबी फेटा दाजींच्या डोक्यावरून उठला, हवेतून तरंगत गेला आणि विशीतल्या, सफारी घातलेल्या कुमारच्या डोक्यावर अलगद बसला. मग सुलट्या चालीत सगळ्यांनी पुन्हा बघितलं. नारंगी फेटे संपलेले. कुमार जिलेबी खाण्यात गुंगलेला. मागून आबांचा हात येतो, बांधलेला फेटा टोपीसारखा उचलतो आणि जातो. कुमार डोकं चाचपतो, वर बघतो, खाली बघतो, शेवटी पाटाखाली बघतो.

आतून भाकरीचा वास येत होता. अयोध्याक्कानं ताटं आणून मांडली. रामकिसन पाटावर बसला आणि शेजारच्या रिकाम्या पाटावर हात थापटून कुमारकडं बघू लागला.

"आक्का," कुमार उभ्यानंच म्हणाला, "मी जेवून आलोय."

रामकिसनचा घास हातातच राहिला. आत्याशिवाय एक वेळ हळद लागली असती; पण नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामानं, आणि निकिताला मामा एकच होता. त्यानं आशेनं दाजींकडं पाहिलं. घरात आता वडीलधारं माणूस तेच.

दाजींनी भाकरी मोडली. या विषयातला त्यांचा अभ्यास दांडगा होता.

"त्याचं बराबर हाय," ते म्हणाले. "डोक्यावरचा काढला म्हंजे लईच झालं. मी असतो तर मी बी जेवलो नसतो."

कुमारनं प्लेअरमधून सीडी काढली, फुंकर मारून पाकिटात घातली आणि पाकीट खिशात ठेवलं.

"ती कुठं न्हेतोस?" रामकिसननं विचारलं.

"घरी. आईला दाखवायचीय," कुमार म्हणाला. "आमच्याकडचा प्लेअर नवा हाय, भाऊजी. अधिक, उणं, सगळं वाचतो."