आतूनही बंद

तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या घराइतकं सुरक्षित घर तुम्ही पाहिलेलं नाही! खिडक्यांना बोटभर जाडीचे गज, मागचं दार विटा लावून कायमचं बुजवलेलं, पुढच्या दाराला पोलादी पत्रा आणि त्यावर आकड्यांचं कुलूप. काय कुलूप होतं महाराजा! रोज सकाळी दात घासत मी पाच मिनिटं त्याच्याकडे नुसता बघत उभा राहायचो.

त्याचं असं झालं, गल्लीतल्या शिंप्याचं शिलाई मशीन भरदिवसा चोरीला गेलं. त्याच संध्याकाळी मी स्वतःला गल्लीचा सुरक्षाप्रमुख नेमून टाकलं. कुणी हरकत घेतली नाही. कुणी ऐकतच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

शनिवारी सकाळी पावणेदहाला मी प्रात्यक्षिक ठेवलं. शिंपी आला, समोरच्या काकू आल्या, आमच्या भागाचे हवालदार आले, शिवाय रिकामटेकडे दहा-पंधरा. दार बाहेरून ओढून घेतलं आणि छाती फुगवून म्हणालो, "दाबा कुठलेही आकडे! उघडून दाखवा!"

शिंप्याने चार आकडे दाबले. काही नाही. हवालदारांनी दाबले. काही नाही. काकूंनी स्वतःची जन्मतारीख दाबली, आणि दारावरचा भोंगा माझ्याच आवाजात गर्जला, "चोर आत आहे! धावा! चोर आत आहे! धावा!"

लोक दोन पावलं मागे सरले. मी स्वतः सरलो. अंगावर काटा आला हो! आपला आवाज इतका भारदस्त आहे, हे मला पन्नास वर्षांत ठाऊक नव्हतं.

"आता दोन तास हे दार ब्रह्मदेवालाही उघडता येणार नाही," मी अभिमानाने सांगितलं. "तीन चुका झाल्या की संपलं! आणि आतूनसुद्धा उघडत नाही बरं का! ते मी मुद्दाम करून घेतलंय. चोर आत सापडला तर पळता कामा नये!"

"अहो," खिडकीतून आवाज आला.

गजांमागे आमची बायको उभी होती. इस्त्रीची साडी, हातात फाईल.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बायको तंत्रशाळेच्या कार्यशाळेत शिकवते. बारा वर्षं. विभागप्रमुखाची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा "कार्यशाळेला आपला पुरुष बरा" म्हणून तिच्या हाताखालची माणसं तिच्या डोक्यावर नेऊन बसवली. आज तिसऱ्यांदा मुलाखत होती. अकरा वाजता. हे तिने मला आठवडाभर सांगितलं होतं आणि मी आठवडाभर "हो हो" म्हणालो होतो.

"अगं, एक मिनिट हं!" म्हणत मी खरे आकडे दाबले. भोंगा म्हणाला, "चोर आत आहे! धावा!"

कुलूपवाल्याला फोन लावला. "साहेब, उघडणार नाही," तो म्हणाला. त्याच्याही आवाजात कौतुक होतं. "कंपनीचा माणूस आला तरी नाही. मी तेव्हा म्हटलं होतं, आतून उघडं ठेवा. तुम्ही म्हणालात, पैसे कोण देतंय, तू की मी?"

हवालदारांनी खांद्याने धडक दिली आणि खांदा चोळत पायरीवर बसले. शिंपी खिडकीचे गज हलवायला गेला. मीच निवडलेले गज ते, कसले हलतात! इतका भरभक्कम मूर्खपणा एका माणसाच्या हातून होऊ शकतो, याचं माझं मलाच आश्चर्य वाटायला लागलं.

"किती वाजले?" बायकोने विचारलं.

"दहा वाजून पाच," काकू म्हणाल्या.

"आणि बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत ना?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. "बाहेर ठेवल्या असत्या तर चोराने..."

ती खिडकीपासून बाजूला झाली. मग आतून हातोडीचे ठोके ऐकू आले. घाई नाही, चिडचिड नाही. ठक. ठक. ठक. बिजागरीचा एक खिळा खाली पडल्याचा आवाज. मग दुसरा. मग तिसरा. गल्ली चिडीचूप! भोंगा तेवढा ओरडत होता आणि मला त्याची लाज वाटायला लागली होती.

"खाली पाचर मारलीय," ती आतून म्हणाली. "हवालदारसाहेब, बिजागरीकडच्या बाजूने हळू ढकला. कुलपाकडून नको. शिंपीदादा, तुम्ही खालून धरा. अहो, तुम्ही बाजूला व्हा."

मी बाजूला झालो. जे दार ब्रह्मदेवालाही उघडता येणार नव्हतं, ते दार तिने सव्वादहाला भिंतीला टेकवून ठेवलं! साडीची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. बाई आहे की कोण आहे! पंचवीस वर्षं एका घरात राहतोय, पण त्या क्षणी मला तिला हात जोडावेसे वाटले.

"निघते," ती म्हणाली. "घराला आता दार नाही. लक्ष ठेवा."

मी खुर्ची आणली आणि दाराच्या जागी बसलो. दिवसभर! जेवण काकूंनी आणून दिलं, ते तिथेच. पोस्टमनकडे रोखून पाहिलं, मांजराला हटकलं. तिची जागा आज तरी तिला मिळू दे, एवढंच मनात चाललं होतं. चारच्या सुमाराला डोळे जरासे मिटले असतील, जरासेच.

उघडले तर समोरचं सगळं धूसर! चष्मा नव्हता! मनगटावर घड्याळ नव्हतं! पायातल्या चपला गेल्या होत्या! खिशातलं पाकीट गेलं होतं आणि त्या जागी एक कागद होता.

"चोर! चोर!" ओरडत मी आत धावलो.

टेबलावर माझा चष्मा, घड्याळ आणि पाकीट ओळीने मांडलेलं होतं. टेबलाखाली चपला. पलीकडे बायको चहा पीत होती.

"आधी तो कागद वाचा," ती म्हणाली.

चष्मा लावून वाचला. विभागप्रमुख! एकमताने निवड! मी कागद कपाळाला लावला. मग थोडा भानावर आलो.

"पण हे सगळं तू काढून घेतलंस कसं? मी तर डोळ्यांत तेल घालून बसलो होतो!"

"चष्मा काढताना तुम्ही मान पुढे केलीत," ती म्हणाली. "आणि पाकीट घेतल्यावर थँक यू म्हणालात."