जर्मनचा टँक

गोठ्यात विमान बांधणाऱ्या माणसानं फोनवर इंग्रजी झाडू नये. 'टाकी गळतेय' म्हणालो असतो तर निभावलं असतं. पण म्हटलं, विमानाला शोभेल असं बोलावं. तिथंच घोळ झाला.

मी पारनेरला पतसंस्थेत कारकून. (मी विमान बांधतोय हे आमच्या साहेबांना पटत नाही. मलाही अधूनमधूनच पटतं.) रविवारी सासरे काकासाहेब लेकीला म्हैस घेऊन येणार होते. बायकोनं, म्हणजे जयानं बजावलं होतं, "त्यांच्यासमोर इंजिन चालू झालं तर गोठा तुमचा. नाहीतर म्हशीचा!" आणि नेमकी पेट्रोलची टाकी गळायला लागली.

नगरच्या राहील वेल्डरला फोन लावला. टाकी ॲल्युमिनियमची, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत जर्मनची.

"टँक लीक होतोय. जर्मनचा आहे."

"जर्मनचा टँक? कुठं हाय?"

"विमानात."

"विमानात बसला?"

"बसत नव्हता. ठोकून बसवला."

"भरलेला हाय का?"

"रिकामा केला. पण रिकामाच जास्त वाईट. आत पेट्रोलची वाफ राहते, ठिणगी पडली की उडालाच. म्हणून साबणाच्या पाण्यानं धुतोय. उचलायचा अन् खळखळ हलवायचा."

"एकटेच?"

"छे! जया धरते की एका बाजूनं."

"रविवारी येतो. तोवर हात लावू नका!" म्हणून त्यानं फोन ठेवला.

रविवारी दारात क्रेन! बरोबर राहीलचे फक्रुद्दीनचाचा, लष्कराचे रणगाडे दुरुस्त करून रिटायर झालेले. (लष्कराच्या छावणीमुळं नगरात टँक म्हणजे रणगाडा, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं.) मी टाकी काखोटीला मारून बाहेर आलो. चाचांनी माझ्या मागं वाकून बघितलं.

"बाकीचा कुठं हाय?"

खुलासा झाल्यावर राहील हसून हसून खाली बसला. चाचांनी मात्र टाकीचा वास घेतला आणि परत धुवायला लावली. उन्हात वाळवली, पुन्हा हुंगली, मग राहीलनं वेल्डिंग केलं. मी पेट्रोलचा कॅन घेऊन धावलो, तर चाचांनी तो हिसकावून घेतला.

"आज पानी भरून ठेवा. गळलं न्हाई तर उद्या वाळवून पेट्रोल."

"अहो चाचा, म्हैस यायलीय!"

"येऊ द्या की. म्हशीला काय पेट्रोल पाजायचंय?"

तेवढ्यात काकासाहेब म्हशीसकट हजर. जया म्हणाली, "क्रेन आलीच हाय, तर विमान मागच्या पडीत नेऊन ठेवा."

मी निषेध म्हणून विमानात जाऊन बसलो. मला कुणी उतरवलंही नाही. ढकलत बाहेर आणलं, क्रेनची साखळी अडकवली आणि विमानाला अन् मला, दोघांनाही वर उचललं.

"जावयबापू, उडालं की वो!" काकासाहेब खालून ओरडले.

उडालं खरं, चांगलं पुरुषभर उंच. म्हैस खालून गोठ्यात गेली. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.