पीयूष पुन्हा उपलब्ध आहे

मशीन म्हणजे मशीन, असं देवेंद्र मुळ्यांचं ठाम मत होतं. एकदा तिचा स्वभाव कळला की ती कापड विणते की वेबसाइट चालवते याने काही फरक पडत नाही, हे ते भेटेल त्याला सांगत. आणि त्यांना तसं सांगायचा थोडाफार हक्कही होता. इंदूरच्या कापड मिलमध्ये ते विणकाम खात्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारे. अडलेला माग नुसता आवाजावरून ओळखायचे. मिलचा भोंगा कायमचा बंद झाला तेव्हा ते सांवेर रोडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळू लागले आणि संध्याकाळी पलासियाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, आपल्या निम्म्या वयाच्या पोरापोरींमध्ये जाऊन बसले. पोरं त्यांना आधी काका म्हणाली, मग इंदुरी थाटात भिया, म्हणजे भैया म्हणायला लागली, आणि कोर्स संपेपर्यंत त्यांच्याकडून शंकाही सोडवून घ्यायला लागली.

त्या विद्येच्या जोरावर त्यांनी अन्नपूर्णा भागातल्या मराठी मंडळाची वेबसाइट उभी केली. सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं, म्हणजे जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं आणि कुणालाही मोकळं. त्याला पाहिजे ते एक्सटेन्शन जोडायचं. मागाला डॉबी बसवली की साध्या कापडावर नक्षी उमटते, अगदी तसंच, असं देवेंद्र मंडळाच्या सभेत समजावून सांगत, आणि सभेतल्या जुन्या मिलवाल्यांना ते खरोखर समजे. एक एक्सटेन्शन वधूवर विभागाचं होतं, दुसरं फराळाच्या दुकानाचं. फराळ सुमेधा करायची, म्हणजे देवेंद्रची बायको, आणि तिच्या सोबत मिल बंद पडलेल्या घरांतल्या आठदहा बायका. इंदूर सोडून पुण्याला, बेंगलोरला, पार अमेरिकेला गेलेली मुलं दिवाळीत वेबसाइटवरून चकल्या मागवत. त्या घरांची दिवाळी बरीचशी त्या चकल्यांवर चालायची.

दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी सकाळी वेबसाइटने देवेंद्रना कळवलं की एक्सटेन्शनचे नवे अपडेट आले आहेत. खाली लाल अक्षरांत सूचना होती, की आधी सगळ्या माहितीची एक प्रत काढून ठेवावी. सुमेधाने भाजणी चाळता चाळता विचारलं, की हे दिवाळीनंतर केलं तर नाही का चालणार? देवेंद्रनी सांगितलं की चालू मशीनला तेल घालायचं पुढे ढकललं तर मशीन जाम होते. प्रत वगैरे काढणं हे घाबरट लोकांचं काम. एवढं बोलून त्यांनी सगळ्या अपडेटवर एकदम खूण केली, बटण दाबलं आणि अंघोळीला गेले.

झालं असं, की नव्या आवृत्तीत दोन्ही एक्सटेन्शनं आपापलं सामान एकाच कपाटात, एकाच नंबरच्या खणात ठेवायला लागली. नावं आणि फोटो जागेवर राहिले. वर्णनांची मात्र अदलाबदल झाली.

पहिला फोन पुण्याहून आला आणि तो सुमेधाने घेतला. पलीकडच्या बाईंनी फार सौजन्याने विचारलं, की चकली निर्व्यसनी आहे हे वाचून आनंद झाला, तिला मंगळ नाही हेही चांगलंच, पण पाच फूट नऊ इंचाची चकली तुम्ही कुरिअरने पाठवणार कशी? सुमेधाला वाटलं राँग नंबर आहे. दुसरा फोन बेंगलोरचा. चकली पीथमपूरला इंजिनिअर असूनही परदेशी जायला तयार आहे, तर तिला अमेरिकेतल्या भावाकडे परस्पर पाठवता येईल का, असं तो मुलगा विचारत होता आणि मागे त्याचे मित्र हसत होते. तेव्हा मात्र तिने भाजणीचे हात तसेच ठेवून नवऱ्याला हाक मारली.

देवेंद्र टॉवेलवरच कॉम्प्युटरपुढे बसले. चकलीखाली पीयूष नावाच्या उमेदवाराची माहिती होती, म्हणून त्यांनी लगेच वधूवर विभाग उघडला. सूटबूट घातलेल्या पीयूषच्या फोटोखाली लिहिलं होतं: ‘घरगुती भाजणीचा खुसखुशीत प्रकार. हवाबंद डब्यात ठेवल्यास पंधरा दिवस नरम पडत नाही. जास्त तिखट हवा असल्यास आधी कळवावे.’

आता हा पीयूष म्हणजे कुणी साधासुधा उमेदवार असता तर गोष्ट वेगळी. तो मंडळाचे अध्यक्ष दौलतराव यांचा सख्खा पुतण्या. दौलतरावांचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते, आणि ते अजूनही स्कूटरवर घोड्यावर बसल्यासारखे ताठ बसत. अर्ध्या तासात ती स्कूटर मुळ्यांच्या दारात उभी राहिली.

दौलतरावांनी चहा नाकारला. खुर्चीत बसून त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, “देवेंद्रजी, आमच्या घराण्यात आजवर कुणी नरम पडलं नाही, हे खरं आहे. पण ते डब्यात ठेवल्यामुळे नव्हे.”

देवेंद्रनी हात जोडले आणि सगळं ताबडतोब नीट करून देतो म्हणाले. दौलतरावांनी त्यांना आठवण करून दिली, की पीयूषची बोलणी पलासियाच्या प्रतापरावांच्या मुलीशी, निधीशी चालू आहेत, मुलीने अजून होकार दिलेला नाही, आणि असल्या नाजूक वेळी घरचा पोरगा भाजणीचा निघणं बरं नव्हे. एवढं सांगून ते गेले.

मग देवेंद्रनी जे केलं ते एखाद्या शहाण्या माणसाने घाईत करावं तसंच केलं. आधी त्यांनी पीयूष आणि चकली, दोघांनाही वेबसाइटवरून उतरवलं. मग बिघडलेली माहिती दुरुस्त करणारं आणखी एक एक्सटेन्शन शोधून बसवलं. त्याला लोकांनी भरपूर तारे दिले होते. दुरुस्तीनंतर वर्णनं खरोखरच आपापल्या जागी गेली. देवेंद्रनी सुटकेचा श्वास टाकला आणि दोघांना पुन्हा वेबसाइटवर चढवलं.

दुकानाचं एक्सटेन्शन मात्र पीयूषला अजूनही आपलाच माल समजत होतं. संपलेला माल परत आला की सगळ्या सभासदांना ईमेल करायची, असं देवेंद्रनीच त्याला शिकवून ठेवलं होतं. ईमेलचा मजकूरही त्यांनीच मोठ्या हौसेने लिहिला होता. त्यामुळे मंडळाच्या घराघरांत पत्र पोहोचलं: ‘आनंदाची बातमी! लोकाग्रहास्तव पीयूष पुन्हा उपलब्ध आहे. साठा मर्यादित. आजच मागवा.’

त्या संध्याकाळी इंदूरच्या मराठी घरांमध्ये दुसरा विषय नव्हता. पीयूषचं जमत आलेलं मोडलं, हे बहुतेकांनी धरूनच चाललं. दोघांनी तर लगेच आपल्या मुलींच्या पत्रिका पाठवल्या. आणि प्रतापरावांनी दौलतरावांना फोन करून विचारलं, की बोलणी आमच्याशी चालू असताना पोरगा परत बाजारात कसा? आम्ही काय इथे टाइमपास करतोय?

दौलतराव पुन्हा आले. या वेळी त्यांनी नुसतं स्कूटरच्या मागच्या सीटकडे बोट केलं. देवेंद्र मागे बसले. अन्नपूर्णापासून पलासियापर्यंत त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मिलमध्ये आपल्या मागावरचं कापड खराब निघालं तर ते स्वतः थान खांद्यावर घेऊन मॅनेजरपुढे उभे राहत. सुताला किंवा बॉबिनला त्यांनी कधी दोष दिला नव्हता. पण थान दाखवता तरी यायचं. इथे दाखवणार काय? आणि एक लग्न मोडलं तर ते कुठल्या एक्सटेन्शनने जोडायचं?

प्रतापरावांच्या दिवाणखान्यात त्यांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. कपाट, खण, अपडेट, सगळं समजावलं. प्रतापरावांना त्यातलं एवढंच कळलं, की त्यांच्या होणाऱ्या जावयाला कुणीतरी चकलीच्या खणात ठेवलं होतं. त्यांचा चेहरा जास्तच लाल झाला.

तेवढ्यात निधी आतून आली. ती एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. हसू दाबून दाबून तिचे डोळे ओले झाले होते.

“काका, बॅकअप घेतला नव्हता ना?” तिने विचारलं.

देवेंद्रनी मान खाली घातली.

“थँक्यू,” ती म्हणाली.

मग तिने वडिलांना सांगितलं. पहिल्या भेटीत पीयूष तासभर पीथमपूरच्या बसच्या वेळांवरच बोलत राहिला होता. अगदी भला, पण बोअर. ती नकारच कळवणार होती. आज मात्र ती ईमेल वाचून तिने सहज त्याला फोन लावला आणि साठा मर्यादित म्हणजे नक्की किती, असं विचारलं.

“तो म्हणाला, एकच पीस आहे, बदलून मिळणार नाही, आणि तिखटाचं आधी कळवायला लागेल.” निधी आता उघड हसत होती. “बाबा, दोन तास बोललो आम्ही. बसचा विषयसुद्धा निघाला नाही. माझं हो आहे.”

प्रतापराव थोडा वेळ कुणावर रागवावं हे शोधत राहिले. कुणीच हाताशी लागेना, तेव्हा त्यांनी आत चहा सांगितला. या वेळी दौलतरावांनी तो घेतला.

साखरपुडा दिवाळीआधीच उरकला. वेबसाइट जिच्या मशीनवर राहत होती त्या कंपनीकडे त्या रविवारच्या आदल्या रात्रीची प्रत सापडली. निधीने ती मागवून सगळं पूर्ववत केलं, सुमेधाच्या राहिलेल्या ऑर्डरींसकट. चकल्या तर या प्रकाराच्या गाजावाजाने कधी नव्हे एवढ्या खपल्या. सगळ्यांना देवेंद्रचं कौतुक वाटत होतं, आणि हळूहळू देवेंद्रनाही वाटायला लागलं. साखरपुड्याला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी सांगितलं, की हल्ली लग्न जमवायला तंत्रज्ञान लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरपुढे बसले. आणखी एक सुरेखसं एक्सटेन्शन त्यांनी हेरून ठेवलं होतं. वेबसाइटने पासवर्ड चुकला म्हणून सांगितलं. त्यांनी पुन्हा सावकाश टाइप केला. तरी चूक.

“निधीने बदललाय,” सुमेधा स्वयंपाकघरातून म्हणाली. “मीच सांगितलं तिला. दिवाळी होऊ दे, मग बघू. तोवर इकडे या, सोऱ्या फिरवायला हात कमी पडतायत.”

देवेंद्रनी चहा संपवला. मग उठले, हात धुतले आणि बायकांच्या घोळक्यात पाटावर बसले. सोऱ्यात पीठ भरून त्यांनी दांडा फिरवायला घेतला. दोन चकल्या पडल्या, चांगल्या गोल. तिसरीला ते थांबले, सोऱ्या उलटा करून त्याचे आटे बघितले, बोटाने चाचपले, आणि म्हणाले की इथे एक छोटीशी मोटर बसवली तर...

सुमेधाने त्यांच्या हातातून सोऱ्या काढून घेतला.