चार इटालियन वाक्यांनिशी कॉफीच्या दुकानावर केलेली स्वारी

सकळांनी चित्त देऊन ऐकावे. दातांच्या दवाखान्यात रुग्णांचे नंबर लावणाऱ्या बाईसाहेब, ज्यांस कन्यारत्न नऊ महिन्यांचे, आणि कन्येचे तीर्थरूप गोड बातमी ऐकताच चप्पल घालून पसार जाहलेले, त्यांनी रविवारी चार वाजता इटालियन पाववाल्यांची पहिली भेट कैसी घेतली, त्याची ही साद्यंत हकीकत.

पाववाले दाढदुखी घेऊन दवाखान्यात तीन खेपा आले, आणि तिसऱ्या खेपेस दाढ दुखत नव्हती, मग कॉफीचे आमंत्रण रुजू जाहले. बाईसाहेबांनी मोबाइलवर पहिल्या भेटीस उपयोगी वाक्ये शोधोन चार सरदार नेमिले: 'प्याचेरे', म्हणजे भेटून आनंद जाहला, 'दी दोवे सेई', म्हणजे आपण कुठले, 'के लावोरो फाय', म्हणजे काम काय करता, जे ठाऊकच होते, आणि पिछाडीस 'ओ उना फील्या', म्हणजे मला मुलगी आहे. मोहिमेची सारी मदार या चौथ्यावर. मागील गृहस्थ याच बातमीने पळाले. हेही पळणार असतील तर आजच पळोत, ऐसा मनसुबा. त्यावर मातोश्रींचे फर्मान सुटले की, "कप भरलेला असतानाच सांग गं, भरला कप टाकून कोणी उठत नाही."

तालमीस सवड कैसी? कन्या खांद्यावरून उतरेना. मग बाईसाहेबांनी तिला थोपटीत, अंगाईच्याच चालीवर चारही वाक्ये घोकली, आणि आठवड्यात वाक्ये पाठ व कन्या ढाराढूर, ऐसी दुहेरी फत्ते जाहली.

भेटीचा समय आला, कप भरून आले, आणि पहिलेच वाक्य घशात अडले, कारण थोपटल्यावाचून ते उठेचना. मग उजव्या हाताने धनिणीची परवानगी न घेता पाववाल्यांच्या मनगटावर ठेका धरिला, आणि 'प्याचेरे' सुरात निघाले, आणि पाठोपाठ 'दी दोवे सेई'. पाववाले पहाटे तीनपासून भट्टीपुढे उभे राहिलेले. 'के लावोरो फाय' होईतो त्यांची मान कलली, आणि चौथा सरदार मैदानी उतरण्याआधीच गनीम घोरू लागला.

बाईसाहेब ओशाळल्या. कॉफी निवली. शेजारच्या टेबलावरील आजोबांनी अर्ज गुजरिला की, "झालं की इकडेही या, बाई." तरी हात थांबेना, थांबला की जाग येते, ही धास्ती नऊ महिने अंगी मुरलेली.

वीस मिनिटांनी कोणाचा चमचा पडला, हात थबकला, आणि पाववाले तत्काळ जागे जाहले. मनगटाकडे पाहून मोडक्यातोडक्या मराठीत पुसते जाहले, "माझ्या बहिणीला तीन पोरं. ती असंच थोपटते. तुमचं केवढं?"

"नऊ महिन्यांची."

पाववाले उठले नाहीत. थंड कॉफी तळापर्यंत प्याले, आणि दुसरी मागविली. मग तह ठरला तो ऐसा: पुढील रविवारी कन्येस संगे आणावे, आधी तिला निजवावे, मग आमची पाळी.

येणेप्रमाणे पावणेपाच वाजता फत्ते जाहली. चौथा सरदार म्यानातून तलवार न काढिता घरी परतला, ऐसी नोंद असे.